परदेशात माउंटन बाइक: घ्यायची कुठली, बदलायचं काय आणि डोंगरापर्यंत न्यायची कशी?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. जर्मनीत, स्टुटगार्टात बस्तान बसलं, भाषेची बी-१ परीक्षाही एकदाची पदरात पडली, आता सायकल घ्यायची आहे. साधी नाही, माउंटन बाइक. ऑफिसातली निम्मी टोळी शनिवार-रविवारी जंगलात असते आणि सोमवारी कॉफीच्या मशीनपाशी खरचटलेली कोपरं कौतुकानं दाखवते. माझा अनुभव म्हणाल तर सांगलीत कॉलेजपर्यंत दामटलेली काळी हर्क्युलस आणि सगळा सपाट मुलूख.

उंची १६५ सेंमी, वजन ६८ किलो. बजेट १,५०० युरो, ताणलं तर २,०००. घर फाइहिंगनला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, केलर (तळघरातली खोली) आहे. गाडी आहे, पण मागे (ट्रेलर किंवा सायकलचं कॅरिअर जोडायचा) हुक नाही. हार्डटेल (फक्त पुढे दणके झेलणारी) घेऊ की फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे)? दुकानातून की ऑनलाइन? आणि हे लीझिंगचं काय प्रकरण आहे?

चेनगार्ड
बसलो खुर्ची टाकून. या धाग्याचं शतक होणार.

घाटवाट
सायकल कुठली ते नंतर. आधी ती डोंगरापर्यंत जाणार कशी ते ठरवा, त्यावर बाकी सगळं ठरतं. आपले लोक तीन महिने यूट्यूबवर सस्पेन्शन बघतात, आणि सायकल आल्यावर लक्षात येतं की ती गाडीच्या डिकीत मावत नाही.

तुमचं नशीब चांगलं आहे. फाइहिंगनला दार उघडलं की जंगल. शहरात असाल तर मारिएनप्लाट्झहून देगरलोखला जाणारी दातेरी रुळांची गाडी आहे, तिला सगळे ‘झाके’ म्हणतात. १८८४ पासून चालू आहे. तिच्या पुढे एक उघडा डबा असतो, त्यात सायकली अडकवायच्या आणि आपण आत बसायचं. वर देगरलोखहून अधिकृत वुडपेकर ट्रेल (माउंटन बाइकची वाट) खाली उतरतो. म्हणजे चढाचं काम गाडी करते, उताराची मजा आपली. हे जमत असेल तर पहिल्या वर्षी तुम्हाला हुक, कॅरिअर काही लागणार नाही, आणि तो पैसा सायकलीत घालता येईल.

एक मात्र ध्यानात ठेवा. बाडेन-वुर्टेंबर्ग या आपल्या राज्याच्या वनकायद्यात, कलम ३७ मध्ये, दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला मनाई आहे. खास परवानगी दिलेले ट्रेल तेवढे अपवाद. शेजारच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात असा मीटरचा नियम नाही, तिथं वाट सायकलला योग्य आहे का एवढंच बघतात. त्यामुळे ॲपवर दिसली पायवाट की घातली सायकल, असं इकडे करू नका. काठी टेकत फिरणारे आजोबा अडवतात, आणि त्यांना कलमासकट नियम पाठ असतो.

सदाशिवपेठी
दोन मीटर मोजायला टेप घेऊन जायचं का सोबत? पुण्यात दोन मीटर रुंद असली तर आम्ही त्याला रस्ता म्हणतो, वर दोन्ही बाजूला पार्किंग.

हिशेबनीस
लीझिंगबद्दल. कंपनी सायकल भाड्यानं घेते, तुम्हाला वापरायला देते आणि हप्ता तुमच्या ढोबळ पगारातून, कर कापण्याआधी, वळता होतो. मुदत बहुधा ३६ महिने. खासगी वापराचा लाभ म्हणून करपात्र उत्पन्नात जे जोडलं जातं ते किरकोळ असतं. २,८०० युरोची सायकल धरा. किमतीचा चौथा हिस्सा ७०० आणि त्याचा एक टक्का, म्हणजे महिन्याला ७ युरो. एवढ्यावरच कर. कागदावर झकास.

पण आपल्यासारख्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. एक, ३६ महिने तुम्ही त्याच कंपनीत असणार आहात का? मध्येच नोकरी बदलली किंवा घरी परतायचं ठरलं तर करार कुणाच्या तरी गळ्यात पडतो, बहुधा तुमच्याच. दुसरं, ढोबळ पगार कमी होतो म्हणजे पेन्शनचा भरणाही कमी होतो. ब्लू कार्डवर (किमान पगाराची अट असलेल्या परवान्यावर) असाल आणि पगार मर्यादेच्या जवळपास असेल तर सही करण्याआधी एचआरला लेखी विचारा. मुदत संपल्यावर सायकल स्वस्तात मिळते असं सगळे सांगतात आणि बहुतेकदा मिळतेही, पण तो तुमचा हक्क म्हणून करारात लिहिलेला नसतो.

कृष्णाकाठ
बाप रे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. माझा व्हिसा पुढच्या वर्षी नूतनीकरणाला आहे. मग रोखच बरं.

रानवाटा_फ्रायबुर्ग
रोख घेणार आणि बजेट १,५०० असेल तर डोळे झाकून हार्डटेल घ्या. या पैशात फुल सस्पेन्शन मिळतं, नाही असं नाही, पण मग फोर्क (पुढचं चाक धरणारा, दणके झेलणारा चिमटा) हलका, ब्रेक हलके, चाकं जड, आणि वर मागच्या शॉकची देखभाल. त्याच पैशात हार्डटेलला १२ गिअरचा शिमानो देओरे, बरा एअर फोर्क आणि ड्रॉपर पोस्ट (चालवताना सीट खाली-वर करणारी दांडी) मिळून जाते. शिवाय हार्डटेलवर शिकलेला माणूस वाट वाचायला शिकतो.

डोंगरकपार
हे ‘हार्डटेलवर शिकावं’ प्रकरण मला कधीच पटलेलं नाही. चाळिशीत कंबर वाजायला लागली की वाट वाचून काय करायचंय? जुनी घ्या. क्लाइनआनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या साइटवर दोन-तीन वर्षं वापरलेली फुल सस्पेन्शन निम्म्या किमतीत मिळते. फ्रेम नंबर बघून घ्या, मूळ बिल मागा. बिल नाही म्हणाला तर चहासुद्धा न पिता परत या.

रानवाटा_फ्रायबुर्ग
जुनी फुल सस्पेन्शन पहिल्यांदा घेणाऱ्यानं? बेअरिंगं वाजतात की नाही, शॉकमध्ये हवा टिकते की नाही, फोर्कच्या नळ्यांवर चरे आहेत का, हे त्याला कळणार कसं? ओव्हरहॉलला टाकली तर वाचलेले पैसे तिथंच गेले. नवीनला दोन वर्षं कायद्यानं विक्रेता जबाबदार असतो, ऑनलाइन घेतली तर १४ दिवसांत कारण न देता परतही करता येते.

डोंगरकपार
बरोबर माणूस सोबत न्यावा. मी येतो, कृष्णाकाठ. जेवण तुमच्याकडे.

चेनगार्ड
या दोघांचं भांडण मागच्या तीन धाग्यांवर झालंय. पुढे चला.

आंबेमोहर
कृष्णाकाठ, हार्डटेल घ्या की फुल, एक गोष्ट सायकलवर बसण्याआधी करा. दोन्ही ब्रेक हातानं दाबून बघा. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो. इथे उलटं, उजवा मागचा आणि डावा पुढचा. काळ्या हर्क्युलसवर रॉडचे ब्रेक होते तेव्हा काही बिघडत नव्हतं, चूक झाली तरी सायकल विचार करून थांबायची. हायड्रॉलिक डिस्कला एक बोट पुरतं. उतारावर घाबरून सवयीनं डावा ओढला की पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि आपण हँडलवरून पुढे. आमच्या ग्रुपमधल्या एकाचं मनगट याच कारणानं प्लास्टरमध्ये होतं. घेतानाच दुकानात सांगून नळ्या अदलाबदल करून घेता येतात, पण मग उसन्या सायकलीवर गोंधळ होतो. मी तशाच ठेवल्या आणि पार्किंगच्या रिकाम्या जागेत हात वळवून घेतला.

आणि नवे डिस्क ब्रेक पहिल्या दिवशी धरत नाहीत, दचकू नका. सपाट रस्त्यावर २५-३० चा वेग घ्यायचा, चाक न अडकवता दाबत दाबत जवळजवळ थांबायचं, परत वेग. पुढचा-मागचा असं वीस-तीस वेळा केलं की पॅड बसतात.

सदाशिवपेठी
हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. क्वचित असं काहीतरी उपयोगी येतं इथे.

काटाकिर्र
ई-बाइक का नाही घेत कुणी? मी बायकोसकट ई-माउंटन बाइकवर. ताशी २५ किमीपर्यंत मोटर ढकलते, चढावर घाम नाही, गप्पा मारत जातो. बॉशची ई-बाइकची मंडळी तर इथेच रॉइटलिंगनच्या बाजूला बसतात.

घाटवाट
छान असते. फक्त २४-२५ किलोचं धूड तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? आणि पुढेमागे भारतात न्यायची म्हटलं तर बॅटरी प्रवासी विमानात चढत नाही. मर्यादा १६० वॅट-तासांची, ई-बाइकची बॅटरी ५००-७५० ची. बॅटरीविना सायकल नेऊन तिकडे काय करणार?

कृष्णाकाठ
मंडळी, घेतली! ऑनलाइन, कोब्लेंट्झच्या कॅन्यनकडून, ॲल्युमिनियमची हार्डटेल, २९ इंची, साइझ एस. १,६०० च्या आत बसली. डोंगरकपार, रागावू नका, जेवणाचं आमंत्रण कायम आहे.

खोका केवढा म्हणून सांगू! पोरं त्यातच घर करून बसली, अजून बाहेर यायला तयार नाहीत. आत सायकल जवळजवळ तयार असते. पुढचं चाक, हँडल आणि सीट बसवायची. छोटा टॉर्क पाना आणि शॉकचा पंप सोबत आला, तो पाना फार कामाचा. स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) बोल्टवर ५ न्यूटन-मीटर छापलंय, तिथं टक्क वाजलं की थांबायचं. आपला ‘अजून थोडा आवळ’ हा स्वभाव तिथं आवरावा लागतो. पेडल मात्र नव्हते! एवढ्या किमतीच्या सायकलीला पेडल नसतात हे घरी समजावताना माझी त्रेधा उडाली.

आता विचारायचं हे की यात लगेच काय बदलावं? यादी केलीय: हलकी चाकं, कार्बन हँडल, रंगीत ग्रिप...

रानवाटा_फ्रायबुर्ग
यादी फाडा. अभिनंदन!

पेडल आधी. पसरट, पिना असलेले घ्या, पन्नासेक युरोत चांगले मिळतात. डावा पेडल उलट्या आट्यांचा असतो, त्याला जोर लावून सरळ फिरवलात तर क्रँकचे आटे गेले म्हणून समजा.

मग फोर्कमध्ये हवा. पैसे लागत नाहीत आणि सगळ्यात मोठा फरक पडतो. कंपनीचं हवेचं कोष्टक सरासरी युरोपियन माणसासाठी असतं, आपण ६८ किलोवाले, पाठीवर पाण्याची पिशवी. फोर्कच्या नळीवरचं रबरी कडं खाली सरकवा, हळूच सायकलवर उभे राहा, हळूच उतरा. १३० मिमीचा फोर्क असेल तर कडं साधारण २५ मिमीवर यायला हवं. कमी आलं तर हवा सोडा, जास्त आलं तर भरा. हे न करता ‘फोर्क दगड आहे’ म्हणून नवीन फोर्क घेणारे लोक मी बघितलेत.

तिसरं टायर. पैसे घालायचे तर इथे घाला. सायकलीसोबत येणारे टायर कागदावरचं वजन कमी दाखवायला असतात. पुढे जाड खाच्यांचा, मऊ रबराचा टायर टाका. कॉन्टिनेंटल, श्वाल्बे, मॅक्सिस, कुणाचाही. आणि ट्यूबलेस करा. रिमला टेप आणि टायर ‘ट्यूबलेस रेडी’ असेल तर फक्त व्हॉल्व्ह आणि आतलं दूध (भोकं बुजवणारा पांढरा द्रव) लागतं. ट्यूब काढून टाकली की हवा कमी ठेवता येते. तुमच्या वजनाला २.४ इंची टायरमध्ये पुढे १.५ ते १.६, मागे १.७ ते १.८ बारपासून सुरू करा. ओल्या मुळांवर टायर चिकटून चालतो. ट्यूब ठेवून एवढी कमी हवा ठेवली तर दगडाच्या धारेवर ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

कार्बन हँडल पुढच्या जन्मी.

कांदेपोहे
धागा पळवतोय, माफी. माझ्याकडे जुनी दहा गिअरची आहे, चढाला दम निघतो. मागे १०-५१ ची (१० ते ५१ दातांची) नवी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, टाकता येईल का? एका ऑनलाइन दुकानाच्या चॅटवर ‘बसेल’ असं सांगितलं, मागवली, आता मेकॅनिक म्हणतो बसत नाही.

घाटवाट
मेकॅनिक बरोबर आहे. शिमानोची १०-५१ मायक्रोस्प्लाइन फ्रीहबवर (मागच्या चाकाचा, कॅसेट बसायचा भाग) बसते, तुमच्या चाकावर जुन्या एचजी पद्धतीचा असणार. फ्रीहब बदलता आला तरी बारा गिअरचा शिफ्टर, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा), चेन, सगळं नवीन लागतं. बेरीज केलीत तर ज्या सायकलीत हे घालताय तिची किंमत तेवढी भरणार नाही. कॅसेट १४ दिवसांच्या आत परत पाठवा. दम निघतोय तर पुढची चकती दोन दात लहान करून बघा, आधीच सगळ्यात लहान नसेल तर. तीस-चाळीस युरोत काम होतं.

डोंगरकपार
आणि ब्रेकचं तेल बदलणार असाल तर बाटली बघून. शिमानो आणि मागुरा (ही कंपनी आपल्या शेजारीच, बाड उराखला) मिनरल तेलावर चालतात. स्रामचे बरेचसे ब्रेक डॉट नावाच्या वेगळ्या तेलावर, अलीकडचे काही मिनरलवर. एकात दुसरं घातलं की आतली रबरं फुगतात आणि लिव्हर गेला. लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं, ते वाचा.

कृष्णाकाठ
टायर बदलले, ट्यूबलेस केलं. दूध अंगावर, भिंतीवर, शेजारच्या मावशींच्या कुंडीवर. पण काय फरक आहे राव! वुडपेकरच्या वळणावर पूर्वी मागचं चाक निसटायचं, आता सायकल धरून ठेवते.

हाव वाढली आहे. बाड विल्डबाडला बाइकपार्क आहे म्हणतात, अल्बष्टाटला वर्ल्डकपचा ट्रॅक. आणि उन्हाळ्यात ग्रुप गार्दा तलावाला निघालाय. सायकल न्यायची कशी?

आंबेमोहर
विल्डबाडला रेल्वेनं जा, फोर्ट्सहाइमला बदलून. वर नेणारी केबलगाडी आहे. प्रादेशिक गाड्यांत आपल्या राज्यात कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ सोडलं तर सायकल फुकट. फक्त रविवारी ऊन पडलं की अख्खं स्टुटगार्ट सायकल घेऊन निघतं, सकाळची पहिली गाडी पकडा. आयसीईचं (लांब पल्ल्याच्या जलद गाडीचं) वेगळं: सायकलीचं तिकीट आणि जागेचं आरक्षण दोन्ही लागतं. गाडीत मोजक्या जागा असतात, उन्हाळ्यात महिनोन्‌महिने आधी भरतात.

हिशेबनीस
गार्दाला ग्रुपनं जायचं तर हुक बसवा. विजेच्या जोडणीसकट हजाराच्या आसपास जातात, पण पुढे दहा वर्षं कामाला येतो. छतावरचं कॅरिअर स्वस्त आहे, सायकली वर चढवताना खांदे बोलतात, पेट्रोल जास्त पितं, आणि तळमजल्यावरच्या गॅरेजची उंची एकदा विसरलात की सायकल आणि छत दोन्ही गेलं.

हुकच्या कॅरिअरला तीन गोष्टी. हुकवर किती उभं वजन चालतं ते गाडीच्या कागदात बघा. समजा ७५ किलो. कॅरिअरच १८ किलोचं, वर दोन ई-बाइक ५० किलो, म्हणजे ६८, बसलं. तिसरी विसरा. दुसरं, गाडीची नंबरप्लेट झाकली जाते म्हणून कॅरिअरवर त्याच नंबरची तिसरी पाटी लागते. सरकारी शिक्का लागत नाही, पाट्या छापणाऱ्या दुकानात दहा-पंधरा युरोत करून मिळते. पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलेली चालत नाही, विचारू नका कुणी केलं होतं. तिसरं, फ्रेम कार्बनची असेल तर पकडीचा जबडा फ्रेमवर आवळू नका, चाकाला धरणारं कॅरिअर घ्या.

घाटवाट
आणि इटलीत शिरताना मागे लाल-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांची पाटी. ५० बाय ५० सेंमी, परावर्तक. गाडीच्या मागे काहीही बाहेर आलं की लागते. स्पेनचीही असते, पण पट्ट्यांची मांडणी वेगळी, एकीची दुसरीकडे चालवू नका. ऑस्ट्रियातून जाताय तर टोलचं विन्येट काढून ठेवा.

परतीचा_पांथस्थ
वाचतोय सगळं. आम्ही डिसेंबरात कायमचे पुण्याला परततोय. सायकल विकू की नेऊ? वेताळ टेकडी, सिंहगडाचा पायथा डोळ्यांसमोर येतो.

घाटवाट
घरसामानाचा कंटेनर जात असेल तर त्यात घाला, विमानापेक्षा सोपं. विमानानं नेणार असाल तर सायकलच्या दुकानात रिकामा खोका मागा, फेकायलाच ठेवलेले असतात. एअरलाइनला तिकीट काढतानाच कळवा, ऐनवेळी काउंटरवर गेलं तर ‘जागा नाही’ ऐकावं लागतं.

बांधताना: दोन्ही चाकं काढा, ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची फट्टी घाला. न घालता चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन चिकटतात आणि चाक परत बसत नाही. डिरेलर फ्रेमपासून सोडवून, बबलरॅपमध्ये गुंडाळून आतल्या बाजूला बांधा, खोका पडला की पहिला तोच वाकतो. फोर्कच्या टोकांमध्ये लाकडाचा ठोकळा. टायरमधली हवा कमी करा, पूर्ण काढू नका. टायर फुगवायची गॅसची छोटी नळकांडी घरीच ठेवा. मोकळ्या जागेत गाद्यांचे अभ्रे, स्वेटर कोंबा, तेवढंच वजन सत्कारणी.

सायकलीचं बिल हाताशी ठेवा, वापरलेली असली तरी कस्टमवाले विचारतात. आणि मुंबईला उतरून पुण्याला जाणार असाल तर आधीच मोठी गाडी सांगून ठेवा. हा खोका साध्या टॅक्सीत मावत नाही, हे रात्री तीनला विमानतळाबाहेर कळून उपयोग नाही.

डोंगरकपार
सोबत डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) दोन आणि पॅडचे दोन-तीन जोड न्या. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा, तिकडे तोच मिळेल याची खात्री नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात चिखल आणि नंतर ती बारीक लाल धूळ, फोर्कची सीलं लवकर जातात. इथे वर्षातून एकदा खालचा भाग उघडून तेल बदलत असाल तर तिकडे पावसाळा संपला की लगेच करा.

कृष्णाकाठ
हुक बसला, कॅरिअर आलं, तिसरी पाटीही छापली. फक्त इटलीची पट्टेवाली राहिली, आणि ऑनलाइनवाला म्हणतो आठ दिवस लागतील. आम्ही शुक्रवारी निघतोय. कुणाकडे आहे का उसनी?

आंबेमोहर
माझ्याकडे आहे, केलरमध्ये. ट्युबिंगनला येऊन न्या. येताना चकल्या आणा, भाजणीच्या. बाजारातल्या चालणार नाहीत.

काटाकिर्र
मीही येतो पाटी न्यायला.

सदाशिवपेठी
तुम्ही कुठे निघालाय इटलीला?

काटाकिर्र
कुठेच नाही.